ब्लूम आहे म्हण ना, यार!

रात्री साडेअकरानंतर येणारे फोन साधारण दोन प्रकारचे असतात. एक, कुणाचं तरी ब्रेकअप झालेलं असतं. दोन, कुणाला तरी एअरपोर्टवर सोडायचं असतं. तिसराही प्रकार असतो, हे मला 2024 च्या जुलैमध्ये कळलं.

"यार, सिगारवर पांढरं काहीतरी आलंय."

फोनवर माझा कॉलेजचा मित्र. डोंबिवलीचा, ऐरोलीत आयटीत, डिसेंबरात लग्न ठरलेलं. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव तेव्हा 'नवरदेव' एवढंच उरलं होतं. आपणही तेच वापरू.

आता तुम्ही म्हणाल, डोंबिवलीच्या नवरदेवाकडे सिगार कुठून? तर त्याचे बाबा मर्चंट नेव्हीत होते. 2011 साली शेवटच्या सफरीत जहाज हवानाला लागलं, तेव्हा काकांनी तिथून पंचवीस सिगारचा एक लाकडी डबा आणला. अकरा त्यांनी स्वतः बाल्कनीत बसून, एखाद्या वाढदिवसाला, एखाद्या मॅचला, अशा पुरवून पुरवून ओढल्या. उरलेल्या चौदांना हात लावायचा नाही, त्या पोराच्या लग्नात बोटीवरच्या दोस्तांना वाटायच्या, असं जाहीर करून टाकलं. 2022 मध्ये काका गेले. डबा गोदरेजच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, काकूंच्या पैठण्यांशेजारी तसाच राहिला.

लग्न ठरल्यावर नवरदेवाला साक्षात्कार झाला की हवानाच्या सिगार म्हणजे काय बिस्किटं आहेत का! त्याने ऑनलाईन एक चकाचक ह्युमिडॉर मागवला. ह्युमिडॉर म्हणजे सिगारची नेमकी ओल राखणारी पेटी. आत स्पॅनिश सीडरचं अस्तर, जे स्पॅनिशही नसतं आणि सीडरही नसतं, महोगनीच्या कुळातलं अमेरिकेतलं झाड असतं. झाकणाला काटेवाला हायग्रोमीटर, आत पाण्यात भिजवायचा स्पंज. जूनच्या शेवटी त्याने सिगार आत ठेवल्या, स्पंज नळाखाली भिजवला आणि तीन आठवडे काटा बरोब्बर सत्तरवर ठेवण्यात घालवले. मग हा फोन.

"बुरशी असेल," मी झोपेत.

"नाही गं! मी वाचलंय. त्याला ब्लूम म्हणतात. जुन्या, भारी सिगारवरच येतो. आतलं तेल बाहेर येऊन त्याचे क्रिस्टल्स होतात. ब्लूम आहे म्हण ना, यार."

त्या 'म्हण ना'मुळे माझी झोप उडाली.

आधीच सांगते, मी ओढत नाही. आणि सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती सिगारेटपेक्षा सोवळी, हा फंडा साफ खोटा आहे. तंबाखू ती तंबाखूच, तोंडाच्या कॅन्सरला पानाचा ब्रँड कळत नाही. पण हा प्रश्न ओढण्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशी एक फीचर पुढे ढकललं आणि कामाला लागले.

पहिली गोष्ट कळली ती अशी की नवरदेव अगदीच हवेत बोलत नव्हता. सिगारवाल्यांच्या दुनियेत 'ब्लूम' किंवा 'प्लूम' हा शब्द वर्षानुवर्षं फिरतोय. वर्णनही ठरलेलं आहे. सगळ्या सिगारभर सारखी पसरलेली बारीक, चमकदार भुकटी. मऊ ब्रशने झटकली की उडते, खाली डाग राहत नाही, वास बदलत नाही. बुरशी मात्र ठिपक्याठिपक्यांनी येते, केसाळ असते, पुसल्यावर डाग सोडते आणि वास कुबट मारते. एकदम सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

शिवाय ब्लूम हा प्रकार बाकी जगात खरोखर आहे. फ्रिजमधून आत-बाहेर केलेलं चॉकलेट पांढुरकं पडतं, ते खराब नसतं. त्यातलं कोकोआ बटर वर येऊन पुन्हा गोठलेलं असतं. बोटाने चोळा, उबेने विरघळतं. आणि आपल्या नाशिकची द्राक्षं? मण्यावर जी धुरकट लव दिसते, जी बघून आपण 'औषध मारलेलं दिसतंय' म्हणून नाक मुरडतो, ती बऱ्याचदा द्राक्षाने स्वतःच तयार केलेलं मेण असतं. इंग्रजीत त्यालाही ब्लूमच म्हणतात. पण त्याच मण्यावर भुरी आली तर बागाईतदाराची झोप उडते, कारण भुरी ही बुरशी. दोन्ही पांढरट, दोन्ही भुकटीसारख्या. एकीमुळे भाव मिळतो, दुसरीमुळे माल जातो. म्हणजे 'पांढरं दिसलं की घाबरायचं' हेही खोटं आणि 'पांढरं आहे, चालतंय' हेही खोटं.

नवरदेवाने तोपर्यंत फोटो काढून शहरातल्या एका सिगारवाल्याला पाठवलेही होते. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'ब्लूम आहे साहेब, नशीबवान आहात. विकायच्या असतील तर सांगा.' नवरदेवाने मला तो स्क्रीनशॉट तीनदा पाठवला.

शनिवारी मी डोंबिवली गाठली. बाहेर पाऊस, घरात वाळत न वाळणारे कपडे आणि डायनिंग टेबलवर पेपर पसरून त्यावर चौदा सिगार. शेजारी काकांचा पोस्टाची तिकिटं बघायचा भिंग.

भिंगातून बघायचं तर आधी सिगार कशी असते ते कळायला हवं. सगळ्यात बाहेर एक देखणं पान, ज्याची किंमत मोजायची ते. त्याखाली बांधून ठेवणारं पान. आत लांब पानांची गुंडाळलेली भर. एक टोक बंद, ते तोंडात धरायचं. दुसरं उघडं, ते पेटवायचं. बाहेरच्या पानावर काही आलं असेल तर ते वरवरचं असू शकतं. पण उघड्या टोकातून आतली भर दिसते, तिथे काही उगवलं असेल तर ते आतही गेलेलं असणार, आणि आतलं पुसता येत नाही. त्यामुळे बघायचं आधी उघड्या टोकाकडे. नवरदेव नेमका देखणी बाजू वर करून फोटो काढत बसला होता. मॅट्रिमोनी साईटवर काय करतात, तेच.

पाच सिगारच्या उघड्या टोकात कापसासारखी लव होती. सहांच्या अंगावर ठिपके होते, बहुतेक एकाच बाजूला, जी बाजू स्पंजकडे होती. तीन स्वच्छ होत्या. सगळीकडे सारखी पसरलेली चमकदार भुकटी एकीवरही नव्हती.

"पण पांढरंच आहे की," नवरदेव म्हणाला. "बुरशी हिरवी-निळी असते. मी वाचलंय."

हे मीही वाचलं होतं. सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि इथेच लोक फसतात. हिरवा-निळा रंग बऱ्याचदा बुरशीच्या बीजाणूंचा असतो, आणि बीजाणू तयार व्हायला वेळ लागतो. त्याच्या आधी तीच बुरशी पांढरीशुभ्र असते. म्हणजे आज पांढरी आहे म्हणून जिला आपण ब्लूम म्हणून मिरवतो, ती आठवड्याभरात हिरवी होऊन आपलं तोंड पाडू शकते.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, एक सिगार उचलली, नाकाशी धरली आणि परत ठेवली.

"बुरशी आहे," काकू म्हणाल्या. "कुबट वास येतोय. चहा घे गं, गार होईल."

तीस वर्षं लोणची, पापड आणि सांडगे पावसाळ्यातून सुखरूप काढलेल्या बाईला भिंग लागत नाही. पण नवरदेवाला हे पटेना. आईला सिगारचं काय कळतं, त्याला सर्टिफिकेट हवं होतं. तेही मिळवू म्हटलं. माझी मावसबहीण एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. तिला फोन केला तर म्हणाली, पारदर्शक सेलोटेपचा तुकडा ठिपक्यावर हलकेच दाबा, उचला, काचपट्टीवर चिकटवून घेऊन या. बस्स. काचपट्टी नव्हती, प्लॅस्टिकच्या फोल्डरवर चिकटवून नेला. तिने सोमवारी लॅबमध्ये निळ्या रंगाचा थेंब घालून तो मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि आम्हाला बघायला बोलावलं.

क्रिस्टल असते तर कोनेदार खडे दिसले असते, मिठासारखे. दिसलं ते भलतंच. दोरेच दोरे, एकमेकांत गुंतलेले, आणि काही दोऱ्यांच्या टोकाला गोल गोंडे. बहीण म्हणाली, जात बहुधा ॲस्परजिलस, नक्की कुठली ते एवढ्यावरून सांगता येणार नाही. हे नाव 1729 मध्ये मिशेली नावाच्या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने दिलं. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायला गोंड्याचं एक उपकरण असतं, त्याची त्याला आठवण झाली म्हणून. पुन्हा डोळा लावून बघितलं तर खरंच तसंच दिसत होतं. या कुळातल्या काही बुरश्या विषारी द्रव्यं तयार करतात, ॲलर्जी आणि दम्याच्या लोकांना तर बीजाणूही त्रास देतात. त्यामुळे 'पुसून ओढ, काय होतंय' हा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा, असं तिने बजावलं.

आणि जाता जाता एक टाचणी लावली. ब्लूम म्हणून मिरवलेल्या सिगार ज्यांनी ज्यांनी असं मायक्रोस्कोपखाली तपासल्या, त्यांना बहुतेक वेळा हेच दोरे सापडलेत. त्यामुळे सिगारवरचा ब्लूम मुळात असतो का, यावरच आता शौकिनांमध्ये हाणामाऱ्या चालतात. काही म्हणतात दंतकथा, काही म्हणतात दुर्मीळ पण खरा. माझं मत विचाराल तर, जे बघून 'हा ब्लूम आहे का?' असा प्रश्न पडतो, ती बुरशी समजून चालावं.

परत येताना ट्रेनमध्ये नवरदेव ठाण्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "तेरा वर्षं बाबांनी साध्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, काही झालं नाही. मी तीन आठवड्यांत वाट लावली."

हे मात्र खरं होतं का, ते बघायला हवं होतं. काटा तर सत्तरवर होता आणि सिगारसाठी सत्तर टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता योग्यच मानतात. मग?

इथे मिठाची टेस्ट कामाला आली. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घालायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा 75 टक्के आर्द्रतेला स्थिर होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, त्यात ब्रँडचा संबंध नाही. सकाळी काटा 75 वर हवा. नवरदेवाचा काटा होता 62 वर. तेरा टक्के कमी! म्हणजे जेव्हा काटा सत्तर दाखवत होता, तेव्हा पेटीत प्रत्यक्षात 83 च्या आसपास आर्द्रता होती. सिगारसाठी ती पेटी नव्हती, कोकणातलं न्हाणीघर होतं.

काकूंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "म्हणजे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तेच ना?"

मी दोन मिनिटं बघतच राहिले. अगदी तेच! हवेतली आर्द्रता 75 च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाझरायला लागतं. खडे मिठाला तर त्याच्याही आधी सुटतं. ओट्यावरची मिठाची बरणी हाच घरातला सगळ्यात भरवशाचा हायग्रोमीटर, आणि तो जूनपासून ओरडून सांगत होता की बाबा रे, हवेत आधीच भरपूर पाणी आहे, तुझा स्पंज आवर.

सिगार सांभाळण्याचे बहुतेक सल्ले परदेशातल्या कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. तिथे प्रश्न ओल टिकवायचा. मुंबईच्या जुलैत आर्द्रता ऐंशीच्या वर सहज असते. इथे प्रश्न ओल बाहेर ठेवायचा. वर नळाचं पाणी. स्पंजला डिस्टिल्ड वॉटरच लागतं, नाहीतर पाण्यातले क्षार बसतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. पावसाळ्यात इथे स्पंज नकोच. 65 टक्क्यांची, ओल घेणारी आणि सोडणारी, दोन्ही कामं करणारी पाकिटं मिळतात. ती हवाबंद डब्यात टाकायची, डबा खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा प्लॅस्टिकचा डबा हे काम चकाचक ह्युमिडॉरपेक्षा चांगलं करतो. दिसायला तो इडलीच्या पिठाचा वाटतो, एवढंच. थंड कोपरा अशासाठी की उकाड्यात तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. हळदीत, धण्यांत पडतो तोच हा किडा. सुदैवाने आमच्या चौदांत भोक एकही नव्हतं.

ऑपरेशन रविवारी झालं. उघड्या टोकात लव असलेल्या पाच सिगार पिशवीत बांधून कचऱ्यात. नवरदेवाने त्यातली एक दोनदा बाहेर काढली, काकूंनी दोनदा परत टाकली. उरलेल्या सहांची ठिपके असलेली बाजू बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, मऊ फडक्याने पुसली. डाग राहिलेच, फिकट. त्यांचा डबा वेगळा, स्वच्छ तिघींचा वेगळा. ह्युमिडॉर आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वास जाईपर्यंत उघडा ठेवला. काकू म्हणत होत्या उन्हात घाला सगळं. पेटीला ऊन चाललं असतं, पण सिगारला नाही, वरचं पान तडकतं. आणि जुलैत ऊन आणायचं कुठून!

फडकं झटकता झटकता काकू सहज बोलून गेल्या, "हे पण असेच बसायचे पुसत."

"कोण?"

"तुझे बाबा. एका पावसाळ्यात आलं होतं पांढरं. 2017 असेल, नाहीतर त्याच्या पुढचं वर्ष. मी म्हटलं, अहो बुरशी आहे, टाका. तर म्हणे, तुला काय कळतंय, हा ब्लूम आहे ब्लूम. चार दिवस पुसत होते."

नवरदेव फडकं हातात धरून बघत राहिला. मग जो हसायला लागला तो थांबेचना. काकूही हसायला लागल्या. मग काकू डोळे पुसत आत गेल्या, कुकर लावायचाय म्हणाल्या. शिट्टी बऱ्याच उशिरा आली.

सहा आठवडे आम्ही दोन्ही डबे पाळतीवर ठेवले. डाग असलेल्यांपैकी दोघींवर पुन्हा लव आली, त्या गेल्या. इतर चौघींवर नवीन काही आलं नाही, पण माझ्या बहिणीच्या सांगण्यावरून त्या ओढायच्या यादीतून काढल्या. आठवण म्हणून ठेवा, पेटवू नका. राहिल्या तीन.

डिसेंबरात लग्न झालं. काकांचे बोटीवरचे दोस्त आले होते, बरोब्बर तिघं, साठीच्या पुढचे, एक वसईचा, एक गोव्याचा, एक थेट विशाखापट्टणमहून. सार्वजनिक जागी ओढायला 2008 पासून बंदी, त्यामुळे जेवणं उरकल्यावर तिघांना हॉलच्या मागे, केटररच्या टेम्पोपलीकडे उघड्यावर नेलं. नवरदेवाने शेरवानीच्या खिशातून प्लॅस्टिकचा डबा काढला, एकेक सिगार दिली. कुणी काही बोललं नाही. गोव्याच्या काकांनी आधी ती कानाशी धरून हलकेच दाबून बघितली, मग काडी पेटवली.

दोन झुरके. मग त्यांनी सिगार तोंडातून काढून तिच्याकडे बघितलं.

"बेटा, ही कपाटात ठेवली होती का?"

"हो, आईच्या साड्यांजवळ."

"तरीच," ते म्हणाले. "हवाना कमी आणि डांबरगोळी जास्त लागतेय."

तंबाखू आजूबाजूचा वास ओढून घेते, हे मी तोपर्यंत दहा ठिकाणी वाचलं होतं आणि कपाटाचा विचार एकदाही केला नव्हता. वसईचे काका खोकत खोकत हसत होते. विशाखापट्टणमचे काका मात्र गंभीरपणे ओढत राहिले, पार बोटं भाजेपर्यंत. मग राख टेम्पोच्या चाकाशी झटकून त्यांनी विचारलं, "पंचवीसचा डबा होता ना? बाकीच्या कुठे गेल्या?"

नवरदेवाने माझ्याकडे बघितलं. मी आईस्क्रीम संपायच्या आत जाते म्हणून सटकले.